दुसरं बटण लाल असण्याची शक्यता

माय,

आज सकाळी पहिल्या वर्षाच्या वर्गात पत्त्यांचा कॅट घेऊन गेले होते. संभाव्यतेचा धडा सुरू करायचा होता, आणि पुस्तकातलं तिसरंच उदाहरण पत्त्यांचं आहे. कॅट टेबलावर ठेवला तशी पोरं-पोरी एकमेकांकडं बघून हसायला लागली. मी विचारलं, यात राजे किती असतात? कुणी म्हणालं दोन, कुणी म्हणालं एक. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "मॅडम, हमारे घर में पत्ते अलाउड नहीं. अम्मी देखे तो चूल्हे में डाल देते." सगळा वर्ग हसला. मी हसले नाही, कारण मला क्षणभर तूच उठून बोलल्यासारखं वाटलं. पुढचा तास कसा घेतला ते नीट आठवत नाही. बरा झाला असावा, कारण घंटा झाल्यावरही चार-पाच जणं टेबलाभोवती पत्ते उलटेपालटे करत उभी होती. दुपारी नल्लकुंट्याला घरी आले, जेवले, आणि तपासायच्या पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून तुला लिहायला बसलेय. मराठीत इतकं लांब मी कधी लिहिलेलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील. तू काही बोलणार नाहीस, तुझेही चुकायचे.

आपण तेव्हा काचीगुड्याला, स्टेशनच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. बाबा छापखान्यात मशीनवर, मी इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, आणि तू सिकंदराबादच्या एका सरकारी कचेरीत अटेंडर. घंटी वाजली की आत जायचं, फाईल या टेबलावरून त्या टेबलावर न्यायची, अकरा वाजता चहा, तीन वाजता चहा. तू नांदेडकडच्या आपल्या गावातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी होतीस, आणि हे तू कुणाला सांगायची नाहीस. पण घरात एखादा कागद आला की तो आधी तूच वाचायचीस, बाबा नाही. मग कधीतरी तुला कळलं की पदवी असेल तर अटेंडरला ज्युनियर असिस्टंट होता येतं, फक्त वय पंचेचाळीसच्या आत पाहिजे. तू मुक्त विद्यापीठाच्या बी.कॉम.ला नाव घातलंस. रविवारी वर्ग, बाकीचे दिवस बसमध्ये वाचन. एकेक पेपर तू असा काढत गेलीस जसं कुणी विहिरीतून घागरी काढतं, न बोलता, न सांडता. शेवटी एकच राहिला. बिझनेस स्टॅटिस्टिक्स. पहिल्या वेळी एकोणीस मार्क पडले, दुसऱ्या वेळी सत्तावीस. पास व्हायला पस्तीस लागायचे. तुला चव्वेचाळीस पुरी झालेली, म्हणजे आता एकच परीक्षा हाताशी होती. तो सत्तावीसचा कागद तू घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवलास आणि मला म्हणालीस, "तुझ्या पुस्तकात पण हेच हाय म्हणं. मला शिकीव."

मला फार मोठं वाटलं. सतरा वर्षांच्या पोरीला आईनं शिकवायला सांगावं, याहून जास्त काय पाहिजे! दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी तू ऑफिसातून आलीस की स्वयंपाकघरात आपली शाळा भरायला लागली. तू पीठ मळतेयस, मी ओट्याला टेकून इंग्रजी पुस्तक वाचतेय आणि मराठी करून सांगतेय. एका पिशवीत तीन लाल आणि दोन पांढरे चेंडू आहेत. न बघता एक काढला. तो लाल असण्याची शक्यता किती?

"पिशवीत चेंडू कामून घातले?"

"गणितासाठी, माय."

"आणि बघून काढलं तर काय बिघडतंय?"

"बघून काढलं तर गणितच राहत नाही ना!"

"मग हे गणित हाय का आंधळी कोशिंबीर?"

मी वैतागायची. पण तू वैतागून विचारत नव्हतीस, तुला खरंच ती पिशवी डोळ्यांसमोर पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी तू बाबांच्या जुन्या शर्टाची दोन पांढरी बटणं आणि माझ्या फ्रॉकची तीन लाल बटणं काढून आजीच्या चंचीत घातलीस. चारी बाजूंनी चाचपून पाहिलंस की बोटांना रंग कळतो का. कळत नव्हता. मग म्हणालीस, "आता विचार."

नाण्याचं तर विचारायलाच नको. काटा आणि छापा यांची शक्यता निम्मी-निम्मी, हे मी एका वाक्यात सांगून पुढं गेले, आणि तू तिथंच थांबलीस. भात शिजेपर्यंत तू रुपयाचं नाणं शंभर वेळा उडवलंस आणि जुन्या कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं रेघा मारल्यास. माझ्यासमोर कॅलेंडर धरून म्हणालीस, "तुझं पुस्तक लबाड हाय. छापा त्रेचाळीसच आला." मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी म्हटलं, आणखी उडव. मला वाटलं तू कंटाळशील. तू चार दिवस उडवत राहिलीस. कुकरच्या शिट्टीला, दूध तापताना, केस विंचरून झाल्यावर. बाबा म्हणाले, "अगं, झिजंल ते." पाचशे झाले तेव्हा छापे दोनशे सेहेचाळीस होते. तू कॅलेंडर भिंतीला टेकवून लांबून पाहिलंस, जसं कुणी नवी लुगडी पाहतं, आणि म्हणालीस, "हां. हळूहळू वळणावर यायलंय." माय, मी आजवर मोठमोठ्या पुस्तकांतून हा मोठ्या संख्यांचा नियम वाचला आणि शिकवला. याहून बरं मराठी मला त्याला सापडलेलं नाही.

आणि मग मी ती चूक केली. शेजारच्या घरातली माझी मैत्रीण पायरीवर बसली होती, तिला मी हसत हसत सांगत होते, आमच्या मायला 'ॲट लीस्ट वन' कळायला तीन दिवस लागले, ती यंदाही उडणारच, लिहून घे. मला वाटलं तू मोरीत आहेस. तू दाराच्या आत उभी होतीस. मैत्रीण गेल्यावर तू मला बोलावलंस, पाटावर बसवलंस, आणि समोर बसून हळू आवाजात म्हणालीस, "मी इचारते ते तुला हसू येतं. येऊ दे. पण शिकवणाऱ्यानं शिकणाऱ्याचं हसं दुसऱ्याच्या दारात नेऊ नये. हापिसात मला हसणारे सात जण हायेत. घरात आठवा नको." मला मारलं असतंस तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून बसले. तू वही पुढं ओढलीस आणि म्हणालीस, "कमीत कमी एक म्हणजे एक, दोन, तीन, कितीबी, फक्त शून्य नको. बरोबर का?" मी म्हटलं, बरोबर. "मग शून्याचंच काढू आणि एकातून वजा करू की. एवढं सगळं कामून मोजायचं?" ही युक्ती पुस्तकात दोन पानं पुढं होती. तू अजून तिथवर गेलेली नव्हतीस.

पत्त्यांचा धडा आला तेव्हा मात्र पंचाईत झाली. पत्ते म्हणजे आपल्या घरात पापच. माझ्या लहानपणी बाबा रविवारी छापखान्यातल्या दोस्तांबरोबर खेळत बसायचे, आणि एका रविवारी संध्याकाळ झाली तरी उठले नाहीत म्हणून तू त्यांचा अख्खा कॅट उचलून चुलीत घातला होतास. दोस्त चपला घालून निघून गेले. त्यानंतर घरात पत्ता आला नाही. आता पुस्तकात पानोपानी राजा-राणी-गुलाम, आणि तुला काळ्यात रंग किती, लालात किती, काहीच ठाऊक नाही. मी चित्रं काढून सांगायला लागले, पण मलाही धड येत नव्हतं. बाबा बाजूला पेपर वाचत बसले होते. पेपर वाचत नव्हते, हे आपल्या दोघींनाही दिसत होतं. तू बराच वेळ पोळपाट पुसत राहिलीस. मग त्यांच्याकडं न बघता म्हणालीस, "ऐकलं का. येताना एक ते घेऊन या."

"काय?"

"ते."

"ते म्हणजे काय?"

"पत्ते!" तू एवढ्या मोठ्यानं म्हणालीस की गल्लीतलं कुत्रं भुंकलं.

बाबांनी पेपराची घडी केली, उठले, कपाटावरच्या ट्रंकेमागं हात घातला, आणि रबर लावलेला कॅट काढून तुझ्यासमोर ठेवला. तू कॅटकडं पाहिलंस, ट्रंकेकडं पाहिलंस, बाबांकडं पाहिलंस. "किती वर्षं?" एवढंच विचारलंस. बाबा म्हणाले, "चुलीत गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून." मला वाटलं आता काही खरं नाही. आणि तू हसायला लागलीस, पदर तोंडाला लावून, इतकी की तुला ठसका लागला.

त्या आठवड्यात बाबा मास्तर झाले. इस्पीक, बदाम, किलवर, चौकट, एकेका रंगाचे तेरा, चित्रवाले बारा. त्यांच्या आवाजात असा थाट मी कधी ऐकला नव्हता. तू गणित मांडलंस: पत्ता राजा किंवा बदाम असण्याची शक्यता. राजे चार, बदाम तेरा, सतरा. मी पण सतराच म्हटलं होतं. बाबांनी चारही राजे एका ओळीत मांडले, खाली बदामाचे तेरा मांडायला घेतले, आणि बारालाच थांबले. "तेरावा कुठाय?" तू शोधायला लागलीस. बदामाचा राजा वरच्या ओळीत बसला होता. बाबा म्हणाले, "हा गडी दोन्ही पंगतीत जेवलाय. ताट एकच मोजायचं." सोळा. बावन्नात सोळा, म्हणजे तेरात चार. तू ते वहीत लिहिलंस आणि बाजूला मराठीत टीप घातलीस: दोन पंगतीत जेवणारा वजा. आणि त्या दिवसापासून तुझी सगळी 'किंवा'ची गणितं बरोबर यायला लागली.

तुझ्या ऑफिसात मी एकदाच आले, दसऱ्याच्या सुट्टीत. तुझ्या मजल्यावर आकडेवारीचा एक विभाग होता, सात टेबलांचा, आणि त्याचे साहेब तेलुगू, निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर ठेवून शोधत फिरणारे. त्यांनी तुला आदल्या वेळी नापास झाल्यावर विचारलं होतं, "क्या अम्मा, फिर गया?" त्यात टोचणी नव्हती म्हणून तुला त्यांच्याकडं जायचं धाडस झालं होतं. आपण दोघी त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहिलो. तुला सरासरीचं विचारायचं होतं. सरासरी काढता यायची, पण ती कशाची असते ते कळत नव्हतं. साहेबांनी विचारलं, "अम्मा, ये सेक्शन में कितनी चाय जाती?" तू लगेच म्हणालीस, दिवसाला एकवीस. माणसं सात. "तो एक को कितनी?" तीन. साहेब खूश झाले, "हौ, वही अ‍ॅवरेज." आणि तू तिथंच उभी राहून, हातात रिकामा ट्रे, म्हणालीस, "मगर साब, तीन कोई नै पीता."

साहेबांनी चष्मा कपाळावरून खाली आणला. तू बोटावर मोजून सांगितलंस. साहेब स्वतः पितच नाहीत. पाच जण दोन-दोन. आणि कोपऱ्यातले ते एकजण अकरा. कोपऱ्यातल्या त्या गृहस्थांनी फाईल तोंडासमोर धरली. सगळा विभाग हसला, पण या वेळी तुला नाही हसला. साहेबांनी एका कागदावर शून्य, दोन, दोन, दोन, दोन, दोन, अकरा असं ओळीनं लिहिलं आणि मधल्या आकड्याभोवती गोल केला. म्हणाले, "तीन गलत नै अम्मा. मगर तुम जो बोल रहे, उसका नाम मीडियन." त्यानंतर त्यांनी खण उघडून आपलं जुनं सायंटिफिक कॅल्क्युलेटर तुझ्या हातात दिलं. परीक्षा होईपर्यंत ठेवा, नंतरही ठेवा. तू ते रुमालात गुंडाळून आणलंस आणि कधी वापरलं नाहीस. तुला बोटं पुरायची. मी बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स घेतलं तेव्हा ते माझ्याकडं आलं, आणि त्याचं सातचं बटण दाबताना अडकायचं.

आता तुझं आणि माझं भांडण. तीन लाल, दोन पांढरी बटणं. एकामागून एक दोन काढली, पहिलं परत घातलं नाही, आणि ते कोणतं होतं तेही पाहिलं नाही. दुसरं लाल असण्याची शक्यता किती? मी पुस्तकातल्यासारख्या फांद्या, म्हणजे प्रत्येक शक्यतेची एकेक रेघ, काढायला बसले होते. अजून कागदावर रेघ ओढली नाही तोच तू म्हणालीस, "पाचात तीन."

"माय, एक बटण बाहेर गेलं ना! पाच कुठं राहिली?"

"गेलं तर गेलं. कोणतं गेलं ते आपल्याला ठाव हाय का?"

"नाही, म्हणूनच तर दोन्ही बाजू मोजाव्या लागतात."

तू चंची उघडलीस आणि त्यात दोन्ही हात घातलेस. दोन मुठी बाहेर काढून माझ्यासमोर धरल्यास. "एका मुठीत एक बटण. सांग, यातलं पहिलं कोणतं?"

"उजवं."

"कामून? मी डावी मूठ आधी उघडली तर डावं पहिलं. मूठ मी उघडते. बटणाला काय ठाव आपण कितवे ते? पहिल्याला पाचात तीन, तर दुसऱ्यालाबी पाचात तीनच."

मी म्हटलं, असं परीक्षेत चालत नाही, असल्या उत्तराला शून्य मार्क पडतात. मी पानभर फांद्या काढल्या. पहिलं लाल, मग दुसरं लाल: पाचात तीन गुणिले चारात दोन, म्हणजे विसात सहा. पहिलं पांढरं, मग दुसरं लाल: पाचात दोन गुणिले चारात तीन, पुन्हा विसात सहा. बेरीज विसात बारा. म्हणजे पाचात तीन. तू मुठी अजून तशाच धरून बसली होतीस. मी कागद पुन्हा तपासला. मग म्हटलं, "हा योगायोग आहे." तू मुठी उघडल्यास. दोन्हीत लाल निघालं. तू बटणं चंचीत टाकलीस आणि उठून भाजीला फोडणी घातलीस.

तो योगायोग नव्हता हे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कळलं, सिकंदराबादच्या बसमध्ये, उभ्या-उभ्या, दांडीला लोंबकळत. कंडक्टर तिकीट मागतोय आणि मी माझ्या मोकळ्या हाताच्या मुठीकडं बघून हसतेय. त्यानं विचारलं, "क्या मॅडम, चिल्लर है क्या हात में?" आता दर वर्षी तो प्रश्न आला की मी वर्गाला आधी फांद्या काढू देते. मग दोन मुठी समोर धरते आणि सांगते, हे माझ्या आईनं सोडवलेलं आहे. पहिल्या रांगेतले लिहून घेतात.

परीक्षेच्या दिवशी मी तुझ्याबरोबर आले. केंद्र एका कॉलेजात होतं, आणि बाहेरच्या आवारात आमची जत्रा भरलेली. आत बायका, बाहेर नवरे. आत बाप, बाहेर पोरं. एक हवालदार शेवटच्या क्षणापर्यंत तोंडानं सूत्रं म्हणत होता आणि त्याची छोटी मुलगी वही धरून त्याला तपासत होती. एक नर्स ड्युटीच्याच कपड्यांत आलेली. एक रिक्षावाले काका होते, त्यांनी तुला विचारलं, "बहन, कितनी बार?" तू म्हणालीस, "तीसरी." ते म्हणाले, "मेरा पाँचवाँ. टेन्शन नक्को लो." तू आत गेलीस आणि मी पायरीवर बसून तीन तासांत बरोबर आणलेली सगळी शेव संपवली. बाहेर आलीस तेव्हा बोटांना शाई, कपाळाचं कुंकू पुसलेलं, आणि चालण्यात मी आधी कधी न पाहिलेली एक ऐट.

"पिशवीचं आलं होतं," तू म्हणालीस. "दुसरा चेंडू."

"मग? फांद्या काढल्यास ना?"

"काढल्या. आणि बाजूला मुठीबी काढल्या."

"मुठी? पेपरात? चित्र काढलंस?"

"दोन्हीकडून पाचात तीनच आलं. तपासणाऱ्याला जे पटंल ते घेईल."

मी डोक्याला हात लावला. घरी येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही, आणि तू बसच्या खिडकीतून बाहेर बघत गुणगुणत होतीस.

निकाल लागला तेव्हा तू कामावर होतीस आणि बाबा बघायला गेले. ते ऑफिसातच थेट तुझ्याकडं आले. तू ट्रे घेऊन जिन्यात होतीस. बाबांनी खालूनच ओरडून सांगितलं, "बावन्न! अख्खा कॅट!" ट्रे तू पाडला नाहीस, ही गोष्ट तू पुढं सगळ्यांना अभिमानानं सांगायचीस; सहा कप, एकही सांडला नाही. ते चहा तू नेऊन दिलेस, मग साहेबांच्या टेबलाशी थांबलीस, आणि तिथं रडलीस. साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा चहा मागवला आणि तो तुझ्यासाठी मागवला. पंचेचाळिसावं पुरं व्हायला सव्वा महिना राहिला असताना तुझा कागद पुढं गेला. खुर्ची मिळायला आणखी वर्ष गेलं, पण मिळाली. त्या पहिल्या दिवशी तुझ्याबरोबर बारा वर्षं काम केलेला जुना अटेंडर तुझ्यासाठी चहा घेऊन आला आणि तू सवयीनं ताडकन उठून उभी राहिलीस. तो म्हणाला, "बैठो अम्मा. अब उठे तो हमारी इज्जत जाती." हे सांगताना तू त्याची नक्कल करायचीस, आणि दर वेळी शेवटचं वाक्य तुला पुरं करता यायचं नाही.

तू जाऊन सोळा वर्षं झाली. शेवटच्या आजारात दवाखान्यातला तो तरुण डॉक्टर आपल्याला समजावत होता की ऑपरेशनचा निकाल सत्तर टक्के चांगला येतो. मी आणि बाबा मान हलवत होतो. तू उशीवरूनच म्हणालीस, "म्हणजे शंभरातले सत्तर. त्या शंभरात मी कितवी, हे काही तुमच्याकडं लिहिलेलं नसणार." डॉक्टर गडबडला. म्हणाला, नाही अम्मा, तसं नाही सांगता येत. "हां," तू म्हणालीस, "तेच. मग करा." त्यानं बाहेर येऊन मला विचारलं, तुमच्या आई काय शिकल्यात? मी सांगितलं, बी.कॉम. त्यानंतर तू अडीच वर्षं होतीस, आणि त्यातला बराचसा वेळ बाबांबरोबर रमी खेळण्यात घालवलास. तू जिंकायचीस. बाबा म्हणायचे, हिला शिकवून मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

उजेड कमी व्हायला लागलाय. तपासायचे पेपर तसेच आहेत. हे कागद मी कुठं टाकणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. तुझ्या त्या वहीत ठेवून देईन. ती वही मी अजून वापरते.

एक सांगायचं राहिलं. त्या वर्षी तुझ्या परीक्षेच्या आधी, मार्चात, माझी इंटरची परीक्षा झाली. गणिताचा पेपर देऊन आले तर तू दारातच विचारलंस, "शक्यतेचं आलं होतं का?" मी म्हटलं, आलं होतं. "सोडवलंस?" मी म्हटलं, पुरं. तू ऑफिसात जाऊन सगळ्यांना सांगितलंस, साहेबांनासुद्धा, की आम्ही दोघींनी मिळून केलेलं गणित माझ्या लेकीच्या पेपरात आलं आणि तिनं ते पुरं सोडवलं. खरं असं की तो प्रश्न मी तीनदा वाचला तरी मला सुटेना, आणि त्याला पर्याय होता म्हणून मी तो सोडून वर्तुळाचं गणित केलं. मी तुला शिकवत होते त्या दिवसांत तुझ्यापेक्षा एकच पान पुढं असायचे, माय. आणि कधी कधी तेवढंही नसायचे.